कुंडीतले रानफूल आणि ‘वाचवणे’

गेल्या श्रावणात सदाशिव पेठेत एका सहव्याख्यात्यांच्या घरी जाण्याचा योग आला. चौथा मजला, रस्त्याच्या बाजूची गॅलरी आणि गॅलरीत ओळीने मांडलेल्या लहान लहान कुंड्या. प्रत्येक कुंडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली: ‘कास’, ‘ठोसेघर’, ‘राजगडाची वाट’, ‘वेताळ टेकडी’. यजमान म्हणाले, “ही सगळी वाचवलेली रानफुलं. नाहीतर कुणाच्या तरी पायाखालीच गेली असती हो!” जमलेल्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. कुणीतरी यावर ललित लेख लिहायला हवा, असेही सुचवले. मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो. त्या दिवशी न बोलल्याची टोचणी हे या लेखाचे निमित्त आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. रानफूल उपटून कुंडीत लावण्याला ‘वाचवणे’ म्हणता येत नाही. त्या कृतीला हौस म्हणावे, संग्रह म्हणावे, मोह म्हणावे. ‘वाचवणे’ हे क्रियापद तिला लावले की दोन गोष्टी एकदम घडतात: उपटणाऱ्याला पुण्य लागते आणि ज्या जमिनीवरून फूल उपटले ती जमीन हिशेबातून निघून जाते. पहिल्या गोष्टीकडे एक वेळ दुर्लक्ष करता येईल. दुसरी मात्र गंभीर आहे, आणि तिचा जाब भाषेचा व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांनी द्यायला हवा असे मला वाटते.

आधी वनस्पतीची बाजू पाहू. कासच्या पठारावर भाद्रपद-आश्विनात जो रंगांचा सोहळा दिसतो, त्यातली पुष्कळशी फुले एकवर्षायू आहेत. तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवे ही रोपे पावसाबरोबर उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मरतात. त्यांचे पुढच्या वर्षीचे अस्तित्व म्हणजे त्याच जागी, त्याच जांभ्या दगडाच्या खळग्यात पडलेले बी. असे रोप ऐन फुलोऱ्यात उपटणारा माणूस काय वाचवतो? जे रोप महिन्याभरात मरणारच होते त्याला तो गॅलरीत चार दिवस जगवतो, आणि त्याच्या पोटी येणारी पुढची पिढी मात्र पठारावरून कायमची उचलून आणतो. पायाखाली तुडवल्या गेलेल्या तेरड्यानेही कदाचित दोन-चार बोंडे फोडून बी उडवले असते. कुंडीतल्या तेरड्याचे बी गॅलरीच्या फरशीवर पडते आणि सकाळी केरात जाते.

सीतेच्या आसवांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. या निळ्या-जांभळ्या इवल्या फुलाच्या झाडाला खऱ्या अर्थाने मुळेच नसतात. ओल्या मातीत त्याचे सूक्ष्म फुगे असतात आणि त्या फुग्यांनी ते पाण्यातले अतिसूक्ष्म जीव ओढून घेते. पठारावरची माती बोटभर जाडीची आणि कसहीन. तीत नत्राचा दुष्काळ. त्या दुष्काळावर या वनस्पतीने शोधलेला हा उपाय आहे. आपण काय करतो, तर तिला शेणखत घातलेल्या कुंडीत लावतो! मायेने घातलेले खत तिला मानवत नाही. बाग ही मुळात सुपीकतेची कल्पना आहे आणि सड्यावरची, पठारावरची फुले ही नापिकीची लेकरे आहेत. आमरीच्या धुळीएवढ्या बियांना रुजण्यासाठी मातीतल्या विशिष्ट बुरशीची सोबत लागते. कंदीलपुष्पाच्या लांब नळीत बारीक माश्या उतरतात, आतल्या खालच्या दिशेने वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि केस सुकल्यावर पराग घेऊन सुटतात. ती बुरशी आणि ती माशी चौथ्या मजल्यावर येतेच असे नाही. रानफूल हे एकटे फूल नसतेच. दगड, पाणी, गवत, बुरशी, माशी, गुरांचे खूर आणि आठ महिन्यांचा कोरडेपणा या सगळ्यांच्या जुळणीला त्या काही दिवसांत आलेला तो रंग असतो. रंग उचलता येतो, जुळणी उचलता येत नाही.

हे मी साळसूदपणे सांगत नाही. विद्यार्थिदशेत, पहिल्या पावसानंतर, पुण्याजवळच्या एका टेकडीवरून मी दीपकाडीचा एक कंद खणून आणला होता. तिथे रस्ता होणार अशी कुजबुज होती. म्हणजे ‘वाचवण्याचे’ कारण माझ्याकडेही होते. पहिल्या वर्षी पाने आली. फूल आले नाही. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडली म्हणून मी पाणी वाढवले. कंदाला हिवाळ्या-उन्हाळ्यात कोरडी झोप लागते हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या पावसाळ्यात कुंडी उकरली तेव्हा आत कुजलेला गोळा होता. तो रस्ता पुढे झालाच नाही. टेकडीवर राहिली असती तर ती दीपकाडी आज असण्याची शक्यता माझ्या घरात असण्यापेक्षा निश्चित जास्त होती.

आता आपल्या घरच्या, म्हणजे वाङ्मयाच्या प्रांतात येतो. मराठी कवितेने रानफुलावर प्रेम केले आहे यात शंका नाही. बालकवींची ‘फुलराणी’ हिरवळीवरची आहे. इंदिरा संतांची ‘गवतफुला’ पाठ्यपुस्तकातून पिढ्यान् पिढ्या मुलांनी म्हटली. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि महिन्यामहिन्याने सृष्टी पाहण्याची एक शिस्त त्याने मराठी ललित गद्याला दिली. या तिन्ही ठिकाणी फूल त्याच्या जागी आहे आणि पाहणारा त्याच्याकडे गेलेला आहे, हे लक्षात घ्यावे. त्यानंतरच्या आपल्या सरासरी ललित लेखनात मात्र दिशा उलटली. फूल लेखकाकडे आणले जाऊ लागले. ‘नावगाव नसलेले रानफूल’ हा शब्दप्रयोग मी विद्यार्थ्यांच्या निबंधांत दर वर्षी तपासतो आणि दर वर्षी समासात लिहितो: नाव आहे, तुम्ही विचारलेले नाही. गावही आहे, तुम्ही पाहिलेले नाही. तेरडा, केना, आभाळी, सोनकी, चवर, वायतुरा ही नावे गुराख्यांनी, वैदूंनी, रानभाजी खुडणाऱ्या बायांनी दिली आणि जपली. ज्याला आपण निनावी ठरवतो त्याला आश्रय देण्याचा अधिकार आपोआप आपल्याकडे येतो. अनाथ ठरवल्याशिवाय दत्तक घेता येत नाही!

दुसरा शब्द ‘पडीक’. जांभ्याचे सडे, खडकाळ माळ, टेकड्यांवरचे गवत हे सारे सरकारी आणि बोली भाषेत ‘पडीक’ असते. केंद्र सरकारचा देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह, ज्याची आवृत्ती २०१९ सालीही निघाली, त्यातही खडकाळ आणि झुडपी जमिनी या सदरात मोडतात. एकदा जमीन पडीक ठरली की तिचे ‘काहीतरी’ करणे हे कर्तव्य बनते: खाण काढा, बंगले बांधा, नाहीतर झाडे लावा. हो, झाडेसुद्धा. पुण्याच्या टेकड्यांवर ‘हिरवाई’च्या हेतूने लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाटीखाली मूळचे गवताळ माळ झाकले गेले आणि उघड्या उन्हावर जगणारी छोटी फुले तिथून मागे हटली. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. शब्द चुकला होता. जे रिकामे नव्हते त्याला रिकामे म्हटले गेले. कुंडीवाल्या सज्जनांचा आणि या वृक्षारोपणाचा तर्क एकच आहे. दोघांच्याही लेखी फुलाला जमीन नाही. एकाने जमीन सोडून फूल घेतले, दुसऱ्याने फूल न पाहता जमीन घेतली.

उलट दिशेची वाहतूकही विसरू नये. बागांमधून निसटलेला कॉसमॉस आज पुण्याच्या परिसरात डोंगरउतारांवर केशरी-पिवळा पसरलेला दिसतो, आणि त्याची छायाचित्रे ‘सह्याद्रीतली रानफुले’ म्हणून कौतुकाने फिरतात. मूळचा तो मेक्सिकोकडचा. म्हणजे आपण रानातले बागेत आणतो, बागेतले रानात सोडतो आणि दोन्हींना निसर्गप्रेम म्हणतो.

येथे एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लागवडीने खरोखरच काही वनस्पती वाचल्या नाहीत का? वाचल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जातींवर वर्षानुवर्षे काम केले. रोपे वाढवली आणि ती पुन्हा नैसर्गिक अधिवासात नेऊन लावली. माझा युक्तिवाद या कामाविरुद्ध नाही. उलट या कामाच्या बाजूने आहे. कारण तिथे कुंडी हा मुक्काम आहे, घर नव्हे. कोणत्या कड्यावरून काय घेतले याची नोंद आहे, अभ्यास आहे, आणि मुख्य म्हणजे परतीचा प्रवास आहे. आपल्या गॅलरीतल्या चिठ्ठीवर ‘राजगडाची वाट’ असे लिहिलेले असते. राजगडाच्या कोणत्या वाटेवर, कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, हे यजमानांना आठवत नाही. ती परत नेण्याचा विचार तर कुणाच्या मनातही नसतो.

‘शिंदळ माकुडी’ हे उदाहरण या संदर्भात मला निर्णायक वाटते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. निसर्गतः ती फक्त महाराष्ट्रातल्या डोंगरकड्यांवर उगवते; जुन्नरजवळचा शिवनेरी हे तिचे प्रसिद्ध ठिकाण. मांसल खोड, पावसात येणारी पाने, तांबूस-तपकिरी रंगावर पिवळे ठिपके असलेले चांदणीसारखे फूल. फांदी तोडून लावली की ती सहज रुजते. त्यामुळे जगभरच्या हौशी संग्राहकांच्या कुंड्यांतून ती आज सुखेनैव नांदते आहे. मग ती वाचली का? कड्यांवर तिची वस्ती अजूनही विरळच आहे, आणि संकटग्रस्त वनस्पतींच्या चर्चेत तिचे नाव आजही घ्यावे लागते. फांदीपासून केलेली शंभर रोपे ही जनुकीय दृष्ट्या एकाच झाडाच्या शंभर प्रती असतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर एका हस्तलिखिताच्या शंभर छायाप्रती काढल्याने शंभर पाठ मिळत नाहीत. जगभर कुंड्या भरल्या तरी शिवनेरीचा कडा भरत नाही, हे या एका वनस्पतीने सिद्ध करून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप असा की गुलाब, मोगरा, शेवंती हीसुद्धा कधीकाळी रानातलीच होती. खरे आहे. पण त्यांना कुणी ‘वाचवले’ असे म्हणत नाही. त्यांना माणसाळवले, निवडले, बदलले. तो माणसाचा उद्योग आहे आणि तो त्याच नावाने ओळखला जातो. मला बागेविषयी तक्रार नाही. बागेने स्वतःला अभयारण्य म्हणवून घेण्याविषयी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. जी जागा खरोखरच नष्ट होणार आहे, उद्या सकाळी यंत्र येणार आहे, तिथल्या फुलाचे काय? तिथेही ते उपटू नये का? इथे माझे उत्तर वेगळे आहे. जमिनीचा निकाल लागलेला असेल, तो बदलण्याचा प्रयत्न करून झाला असेल, तर अवश्य उचलावे. जाणत्याला विचारून, जागेची नोंद करून, बी शक्य असेल तर बी घेऊन, आणि तशीच दुसरी जागा शोधून. मात्र तेव्हाही त्याला विजय म्हणू नये. बुडिताखाली गेलेल्या गावातली माणसे दुसरीकडे वसवली म्हणून ‘गाव वाचले’ असे आपण म्हणतो का? कोयनेच्या काठच्या माणसांसमोर हे वाक्य उच्चारून पाहावे.

आणि इथेच मला त्या गॅलरीकडे परत जावे लागते. ती इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे पूर्वी एक वाडा होता. तो मी पाहिलेला आहे. त्याच्या मागच्या भिंतीत, दगड आणि चुना यांच्या सांध्यांतून, लिंडेनबर्जियाची पिवळी फुले दर वर्षी यायची. पुण्यातल्या जुन्या भिंती हे या वनस्पतीचे आवडते घर. तिला ना माती लागते ना माळी. उन्हे खाल्लेला चुना आणि थोडी ओल पुरते. ज्या दिवशी वाडा पाडला त्या दिवशी ती भिंत राडारोड्याच्या ट्रकमधून गेली, आणि तिच्याबरोबर ती फुलेही गेली. ती जागा खरोखरच संपणार होती. तिथे खरोखरच काही वाचवण्यासारखे होते, जिन्याच्या खाली, दहा पावलांवर. तिथे राहणाऱ्या, कासला दर पावसाळ्यात जाणाऱ्या आमच्या स्नेह्यांच्या ते ध्यानातही आले नाही. दोष एकट्या त्यांचा नाही. त्या भिंतीवरून मीही अनेकदा गेलो होतो, आणि ते फूल कोणते हे भिंत गेल्यानंतर, दुसऱ्याच एका वाड्यापाशी, कळले. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि साहित्य परिषद ज्या पेठेत आहे, त्या पेठेतली आम्ही शिकलेली माणसे भिंतीचे वय सांगू शकतो; भिंतीवर काय उगवते ते सांगू शकत नाही. आमचे रानफूल नेहमी दूर असते, साताऱ्यापलीकडे असते, सुट्टीच्या दिवशी असते.

‘सदाशिवपेठी’ हे विशेषण साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या काळात जवळजवळ शिवीसारखे वापरले गेले. मला ती शिवी नेहमी आळशी वाटत आली आहे. एका पेठेवर सगळ्या वाङ्मयाचे खापर फोडणे सोपे असते. पण तिच्यात एक खरा आरोप होता: जगण्यातून आलेले काहीही आपल्या अंगणात आणून, त्याची माती झटकून, त्याला शोभिवंत करून मग त्याचे कौतुक करण्याची सवय. बोलीतला एखादा शब्द कवितेत ‘आणला’ म्हणून कवीची पाठ थोपटायची आणि ती बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात मात्र हसायचे, हे आपण केलेले आहे. आपल्याच परंपरेत याहून चांगला धडा उपलब्ध आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात अनेक शब्दांपुढे कंसात प्रांताची खूण आहे: कोकणातला, गोव्याचा, वऱ्हाडातला. कोशकारांनी शब्द घेतला आणि त्याचे गाव लिहून ठेवले. ‘आम्ही हा शब्द वाचवला’ असा दावा केला नाही. तो कुठे जगतो ते सांगितले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही वनस्पतीबरोबर तिची ठिकाणे येतात. नोंद आणि मालकी यांत हा फरक आहे. नोंद वाचकाला जागेकडे पाठवते. मालकी जागेची गरजच संपवते.

मग करावे काय, असे विद्यार्थी विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. राखीव वनातून रोप उपटणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे आधी माहीत करून घ्यावे. त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात, पेठेतल्या उरलेल्या वाड्यांच्या भिंतींवर, जवळच्या टेकडीवर काय उगवते याची महिन्यावार यादी करावी. वनस्पतिशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याला मराठी विभागात बोलवावे. नावे त्याच्याकडून नव्हे तर शिपाई, माळी, भाजीवाल्या मावशी यांच्याकडून आधी विचारावीत. पावसाळ्यात आवारातले गवत ‘स्वच्छता’ म्हणून सरसकट कापण्यापूर्वी बी पडेपर्यंत एखादा तुकडा सोडा, असे प्राचार्यांना लेखी सांगावे. टेकडीवरच्या रस्त्याच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात तेव्हा हरकत नोंदवावी. २०२३ साली वेताळ टेकडीसाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांतल्या एकाही माणसाच्या हातात कुंडी असण्याची गरज नव्हती. आणि आपल्या लेखनात ‘पडीक’, ‘तण’, ‘निनावी’ हे शब्द येतील तेव्हा क्षणभर थांबावे.

हे सारे करून फुले वाचतीलच याची हमी मी देत नाही. कासला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पठाराला कुंपण घातले तेव्हा चराई थांबून उंच गवत माजले आणि फुले कमी झाली, असा आक्षेप स्थानिकांनी आणि अभ्यासकांनी घेतला. म्हणजे जागेचे रक्षणही नीट समजून न घेता केले तर फसते. पण ती चूक जागेवर राहिली, जागेवर दिसली, जागेवर तिची चर्चा झाली. कुंडीतली चूक कुणाला दिसत नाही. कुंडी धुऊन ठेवली जाते, आणि पुढच्या श्रावणात तिच्यात नवे काहीतरी येते.

आपल्या बहुतेक ग्रंथालयांच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी असते. मराठीत एकाच क्रियापदाला पठणाचा आणि जगण्याचा असे दोन अर्थ आहेत, ही आपली भाषिक श्रीमंती. आजवर ही पाटी आपण वाचकाला उद्देशून मानली. ती रानफुलालाही लागू पडते: ज्याला त्याच्या जागी वाचले जाईल तेच वाचेल. येत्या पावसाळ्यात मी त्या स्नेह्यांना एका उरलेल्या वाड्याच्या मागच्या बाजूला घेऊन जाणार आहे. भिंत अजून उभी आहे. फुले साधारण कोणत्या महिन्यात येतात ते मी आता लिहून ठेवले आहे.